काटा वायरलेस करताय? या चुका टाळा

सेलू-मानवत पट्ट्यातल्या एका जिनिंगवर मी भुईकाट्याला वायरलेस अ‍ॅडॉप्टर, म्हणजे वजनाचा आकडा वायरशिवाय कॉम्प्युटरला पाठवणारी डबी, बसवला. काट्याची केबिन गेटपाशी, हिशेबाचं ऑफिस आत साठेक मीटरवर. आधी केबल होती, लिंबाच्या झाडावरून टांगत नेलेली. एक तर आरएस-२३२ची (काटा कॉम्प्युटरला जोडायच्या जुन्या सिरीयल पद्धतीची) केबल पंधरा मीटरच्या पुढं भरवशाची राहत नाही. दुसरं म्हणजे वळवाच्या पावसात वीज कडाडली की कधी इंडिकेटरचा, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या पेटीचा, पोर्ट उडायचा, कधी कॉम्प्युटरचा. मालक म्हणाले, वायरच नको आता.

बसवून झालं, कापसाची एक ट्रॉली काट्यावर घेतली. भरलेली ६,३५० किलो, खाली करून आली तेव्हा ३,५९०. इंडिकेटरवर जे, तेच ऑफिसातल्या स्क्रीनवर. चहा घेतला, बिल दिलं, निघालो. पाथरीच्या रस्त्याला लागलो नाही तोच मुनीमजींचा फोन. "भाऊ, हे आकडे हायेत का मुंग्या?"

पुढच्या ट्रॉलीचं वजन इंडिकेटरवर ६,४८० होतं आणि पावतीवर छापून आलं होतं ६´¸०.

चूक माझी होती, आणि ही चूक अशी आहे की एखाद्या गाडीवर तपासून सापडत नाही. तो इंडिकेटर प्रत्येक अक्षर सात बिट (शून्य किंवा एक), ईव्हन पॅरिटी (एकची संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला जादा बिट), एक स्टॉप बिट असं पाठवत होता. अ‍ॅडॉप्टर कंपनीतून आला तसाच होता : आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप. सुरुवातीचा स्टार्ट बिट धरून दोन्हीकडे एका अक्षराला एकूण दहाच बिट लागतात, त्यामुळे काम अडत नाही. फक्त इंडिकेटरचा पॅरिटी बिट अ‍ॅडॉप्टर आठवा बिट म्हणून वाचतो. ज्या आकड्याच्या कोडमध्ये एकची संख्या सम असते तिथं पॅरिटी शून्य, म्हणजे आकडा जसाच्या तसा येतो. ०, ३, ५, ६, ९ हे असे सुटणारे आकडे. १, २, ४, ७, ८ यांत एकची संख्या विषम, तिथं आठवा बिट चढतो आणि आकड्याचं भलतंच चिन्ह होतं. आता माझी ती पहिली ट्रॉली बघा. ६,३५० आणि ३,५९०. एकही खोडकर आकडा नाही. नशीब असं कधी कधी आपल्या बाजूनं राहून घात करतं.

तेव्हापासून ध्यानात ठेवलंय : काही आकडे नीट आणि काही बिघडलेले दिसले तर पॅरिटी किंवा बिटांचा घोळ. सगळंच अगम्य, दर वेळी वेगळं, तर बॉड रेट, म्हणजे बिट पाठवायचा वेग, चुकलाय. काहीच येत नसेल तर ती बहुधा बॉड-पॅरिटीची गोष्ट नाही, आधी वायर बघा.

आणखी एक. बरेच जण कॉम्प्युटरवर कॉम पोर्टच्या (सिरीयल जोडणीच्या) खिडकीत ९६००, सात बिट, ईव्हन असं भरतात आणि म्हणतात, सेटिंग तर बरोबर आहे. केबल होती तोवर ते खरं होतं. वायरलेसमध्ये ती खिडकी बहुतेक वेळा नावापुरती असते. इंडिकेटरशी बोलतोय तो अ‍ॅडॉप्टर, तुमचा कॉम्प्युटर नव्हे. त्यामुळे बॉड रेट, बिट, पॅरिटी हे सगळं अ‍ॅडॉप्टरच्या आत जुळवावं लागतं. स्वस्तातल्या ब्लूटूथ मॉड्यूलमध्ये तर सात बिटांची सोयच नसते. एचसी-०५ या मॉड्यूलचंच बघा, त्यात बॉड, स्टॉप आणि पॅरिटी बदलता येते, बिट आठच. अशा वेळी इंडिकेटरच्या मेनूत जाऊन तोच आठ बिट, पॅरिटी नाही असा करून टाकावा.

अ‍ॅडॉप्टर लावण्याआधी मीटर लावा

नऊ पिनी सॉकेट दिसलं की खोचलं, ही सवय महागात पडते. आरएस-२३२ मध्ये कोण बोलतोय आणि कोण ऐकतोय हे जुळलं पाहिजे. काही इंडिकेटर दोन नंबरच्या पिनवर बोलतात, काही तीनवर. अ‍ॅडॉप्टरचंही तसंच. दोघंही दोनवरच बोलायला लागले तर ऐकणार कोण? दोन माणसं फोन कानाला न लावता नुसती ओरडत बसावीत तसं होतं.

मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब पाच नंबरच्या पिनवर, ती ग्राउंड. लाल प्रोब आधी दोनवर, मग तीनवर. जिथं उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या दरम्यान काही दिसेल ती बोलणारी पिन. इंडिकेटर सतत वजन सोडत असेल तर आकडा थोडा हलेल, पण बहुधा उण्याकडंच राहील. हेच अ‍ॅडॉप्टरवर करा, त्याला सप्लाय देऊन. दोन्हीकडे उणे एकाच नंबरावर आलं तर मधे क्रॉस केबल हवी, वेगवेगळ्या नंबरांवर आलं तर सरळ. दोन मिनिटांचं काम आहे. मी लोकांना अर्धा दिवस सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा टाकताना पाहिलंय, आणि शेवटी दोन आणि तीनची अदलाबदल केली की सुरू.

त्या उण्या व्होल्टेजमुळंच दुसरी एक चूक होते. नांदेड-लातूरकडची डिप्लोमाची पोरं ऑनलाइन दीडदोनशेचं ब्लूटूथ मॉड्यूल मागवतात आणि थेट काट्याच्या पोर्टला डकवतात. त्या मॉड्यूलची डेटा पिन ३.३ व्होल्टची. तिला अधिक बारा, उणे बारा दिलं की ती पुन्हा बोलत नाही. मधे मॅक्स-३२३२ सारखी लेव्हल बदलणारी चिप लागते. तयार अ‍ॅडॉप्टरमध्ये ती असते, सुट्या मॉड्यूलमध्ये नसते. किंमत कमी असण्याचं कारण तेच.

सप्लायचंही सांगून टाकतो. बहुतेक अ‍ॅडॉप्टरना नऊ पिनी पोर्टमधून वीज मिळत नाही, वेगळे पाच व्होल्ट लागतात. चांगला मोबाइल चार्जर वापरा. वाय-फायवाला अ‍ॅडॉप्टर पाठवताना क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो, मरतुकडा चार्जर तिथं मान टाकतो आणि अ‍ॅडॉप्टर आपोआप रीस्टार्ट होत राहतो. एका ठिकाणी तर कारागिरानं इंडिकेटर उघडून लोडसेलला (काट्याखालच्या वजन ओळखणाऱ्या सेन्सरला) जाणारे पाच व्होल्टच अ‍ॅडॉप्टरला दिले होते. काटा रिकामा असताना वजन नाचायला लागलं. शिवाय उघडताना वैधमापन खात्याचं सील तुटलं ते वेगळंच. इंडिकेटरच्या बाहेरून जे करता येतं तेवढंच आपलं काम. सीलच्या आतलं काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचं, आणि त्यानंतर पुन्हा पडताळणी आली.

ब्लूटूथ : दोन पोर्ट आणि एक मोबाइल

अडतीच्या दुकानात ओट्यावरच्या छोट्या काट्याला ब्लूटूथ पुरतं. मोंढ्यात कट्ट्यांच्या थप्प्या मधे आल्या की दहा मीटरचे पाच होतात, तेवढं गृहीत धरा.

विंडोजमध्ये पेअर केलं की बहुधा दोन कॉम पोर्ट तयार होतात, एक इनकमिंग, एक आउटगोइंग. सॉफ्टवेअरला आउटगोइंग द्यायचा. इनकमिंग दिला तर एरर येत नाही आणि वजनही येत नाही, माणूस नुसता वाट बघतो. पासवर्ड विचारला तर १२३४, नाही लागला तर ००००. पेअर झालं म्हणजे जोडलं गेलं असं मात्र नाही. सॉफ्टवेअरनं पोर्ट उघडल्यावरच खरी जोडणी होते, मॉड्यूलवरच्या लाइटची लुकलुक तेव्हा बदलते.

जुन्या पट्टी-पावतीच्या सॉफ्टवेअरला कॉम ९ च्या पुढचा पोर्ट दिसतच नाही, काहींना चारच्या पुढचा नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधून नंबर खाली आणावा लागतो. तिथं "वापरात आहे" असं दिसलं तरी घाबरू नका, पूर्वी कधीतरी लावलेल्या आणि आता नसलेल्या उपकरणानं तो नंबर अडवलेला असू शकतो.

आणि सकाळी चालतंय, दुपारी पोर्ट उघडत नाही, असं झालं तर दुकानातल्या पोरांचे मोबाइल बघा. हे मॉड्यूल एका वेळी एकाचंच. हिंगोलीकडे एका हळदीच्या अडतीवर मापाड्याच्या पोरानं गंमत म्हणून मोबाइलवर ब्लूटूथ टर्मिनलचं अ‍ॅप टाकलं होतं. पोरगं ओट्यावर आलं की दुकानाचा कॉम्प्युटर आंधळा. आम्ही तीन दिवस राउटरला शिव्या घालत होतो, ज्याचा काही संबंधच नव्हता. पासवर्ड १२३४ तसाच ठेवल्याचं फळ. जिथं बदलता येतो तिथं पहिल्या दिवशीच बदला.

आयफोनवर वजन दाखवा असा आग्रह कुणी केला तर आधीच नाही म्हणा. हे साधं सिरीयल ब्लूटूथ त्यावर चालत नाही.

वाय-फायवर अडणारी माणसं

पहिली अडचण सेटिंगचं पान उघडण्यातच येते. नवा अ‍ॅडॉप्टर स्वतःचं वाय-फाय सोडतो, मोबाइल त्याला जोडतो, मोबाइल म्हणतो इथं इंटरनेट नाही, आणि गुपचूप मोबाइल डेटावर जातो. पान काही उघडत नाही. मोबाइल डेटा बंद करा, उघडेल.

दुसरं, असे बरेचसे अ‍ॅडॉप्टर २.४ गिगाहर्ट्झचेच असतात. राउटर फक्त ५ वर ठेवला असेल तर त्यांना नेटवर्क दिसणारच नाही.

तिसरं, आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता. राउटर आज शेवटी १०५ देतो, लाइट जाऊन आली की १०९. सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. राउटरमध्ये अ‍ॅडॉप्टरचा पत्ता पक्का बांधून टाका. मालकाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काटा चालवू नका, मालक जेवायला गेले की काटाही जेवायला जातो. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवरही जोडू नका, त्यावरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

अ‍ॅडॉप्टर सर्व्हर (जोडणीची वाट बघणारा) असेल तर कॉम्प्युटर क्लायंट (जोडणी मागणारा) हवा. दोघंही क्लायंट ठेवले की दोघंही दार वाजवतात, उघडत कुणीच नाही.

जागेचं म्हणाल तर अ‍ॅडॉप्टर लोखंडी पेटीत बंद करू नका आणि खिडकीच्या उंचीवरही नको. खिडकीतून ऑफिस दिसतंय म्हणून तिथं ठेवला, पण काट्यावर चौदा चाकी उभा राहिला की मधे लोखंडाची भिंत. नेमकं वजन घ्यायच्या वेळीच सिग्नल जातो. गाडीच्या टपापेक्षा वर, पत्र्यापासून हातभर लांब.

अर्धं वजन आणि शिळं वजन

हे दोन प्रकार मी मुद्दाम शेवटी ठेवलेत, कारण यांत मशीन बिघडल्यासारखं वाटतच नाही.

केबलमधून वजन अखंड येतं. वायरलेसमध्ये त्याची पुडकी होतात. इंडिकेटरनं सोडलेलं ६३५० कधी एका पुडक्यात ६३ आणि दुसऱ्यात ५० असं पोहोचतं. जुनं सॉफ्टवेअर ठरावीक वेळानं हाताला येईल ते उचलतं आणि ६३ किलो छापतं. अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये पुडकं कधी बांधायचं हे सांगता येतं. जमलं तर ओळ संपल्याची खूण, म्हणजे १३ आणि १० हे कोड आल्यावरच पाठव, असं सांगा. ती सोय नसेल तर थांबण्याची वेळ थोडी वाढवा, आणि सॉफ्टवेअरवाल्याला पूर्ण ओळ आल्याशिवाय वजन धरू नको म्हणून सांगा.

याहून वाईट शिळं वजन. सिग्नल तुटला, पण स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच उभा. मागची गाडी उतरली, पुढची चढली, मुनीमजींनी बटण दाबलं, आणि दुसऱ्याच्या गाडीचं वजन याच्या नावावर. शेतकरी भांडायला येईल तेव्हा त्याचं बरोबरच असेल. सॉफ्टवेअर असं हवं की दोनतीन सेकंद नवा डेटा आला नाही तर आकडा पुसून रेघा दाखवेल. घेण्याआधी विक्रेत्यासमोरच तपासा : वजन दिसत असताना अ‍ॅडॉप्टरचा चार्जर काढा आणि स्क्रीनकडे बघा.

तसंच केबिनचं मेन स्विचही एकदा पाडून बघा. इंडिकेटरला बहुधा स्वतःची बॅटरी असते, तो चालूच राहतो. राउटर आणि अ‍ॅडॉप्टर मरतात. लाइट आल्यावर अ‍ॅडॉप्टर दहा सेकंदांत जागा होतो, राउटरला मिनिटभर लागतं. काही अ‍ॅडॉप्टर तेवढ्यात दोनचार वेळा नेटवर्क शोधून गप्प बसतात, मग कुणीतरी चार्जर काढून घालेपर्यंत उठत नाहीत. दिवसातून चारदा लाइट जाणाऱ्या गावात हे परवडत नाही. दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्या. त्या जिनिंगवर दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा मी पॅरिटी जुळवली, स्विच तीनदा पाडला, आणि १, २, ४, ७, ८ हे पाचही आकडे पावतीवर उमटेपर्यंत ट्रॉल्या मोजत बसून राहिलो. सात ट्रॉल्या लागल्या.