जीवाश्मांतल्या ‘फटीं’वर वाद घालताना या चुका टाळा

“उत्क्रांती झाली म्हणता, मग मधले प्राणी कुठे गेले?” या प्रश्नावर “सगळे दुवे सापडलेत” असं ठोकून देऊ नका. सगळे सापडलेले नाहीत आणि सापडणारही नाहीत. मेलेला प्राणी कुजण्याआधी गाळाखाली गाडला जायला हवा, तो खडक कोट्यवधी वर्षं न झिजता टिकायला हवा आणि नेमका आपल्या काळात उघडा पडायला हवा. मऊ अंगाच्या जीवांची तर बातच सोडा. ही उणीव कोणी दडवलेली नाही. डार्विनने 1859 साली याच विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं होतं.

पण जीवाश्मांची नोंद अपुरी आहे एवढं म्हणून थांबलात, तर ती पळवाट वाटते. आणि वाटणारच! अशा वेळी टिक्टालिक या जीवाश्म प्राण्याची गोष्ट सांगावी. माशांकडून चार पायांच्या प्राण्यांकडे जाणारा जीव साधारण 37 ते 38 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत असावा, असा जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि सहकाऱ्यांचा अंदाज होता. म्हणून त्यांनी त्या वयाचे, नदीच्या गाळाचे खडक उघडे असलेला भाग निवडला: कॅनडाच्या उत्तर टोकाचं एल्समिअर बेट. 2004 साली तिथे हवा तसा प्राणी मिळाला. अंगावर खवले, पोहायला पर. पण डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वरच्या बाजूला, मान खांद्यापासून सुटी आणि पराच्या आत मनगटासारखी हाडं. आधी जागा ठरवली, मग हाडं सापडली. माझ्या मते सगळ्या वादात याहून वजनदार मुद्दा नाही.

इथेच उत्साहाच्या भरात उत्क्रांतीचे समर्थक घसरतात. टिक्टालिकला थेट ‘आपला पूर्वज’ म्हणू नका. 2010 साली पोलंडमधून सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणा जाहीर झाल्या. त्या चार पायांच्या प्राण्याच्या मानल्या जातात आणि टिक्टालिकहून जुन्या आहेत. “बघा, कोसळलं सगळं!” असं विरोधक म्हणतातच. कोसळत काही नाही. काका पुतण्यापेक्षा वयाने लहान असू शकतो, तसाच हा प्रकार. टिक्टालिक त्या घराण्यातली एक शाखा आहे, आजोबा नव्हे. माशांकडून चार पायांच्या प्राण्यांकडे होणारा बदल आधी वाटलं त्याहून आधी सुरू झाला असावा, हे मात्र मोकळेपणाने मान्य करावं.

माणसाचा पूर्वज म्हणून गाजलेल्या इंग्लंडमधल्या पिल्टडाउन कवटीचा विषय निघाला तर टाळाटाळ नको. 1912 ची ती कवटी बनावट होती आणि 1953 साली शास्त्रज्ञांनीच ते उघड केलं.

जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्डचं नाव घेऊन “त्यानेच फटी मान्य केल्या” असं कोणी म्हटलं, तर पुढचंही सांगा. त्याचा सहकारी एल्ड्रेज आणि गूल्ड यांचा 1972 चा सिद्धांत प्रजाती किती वेगाने बदलतात याबद्दल होता. मोठ्या गटांमधले मधले जीव भरपूर सापडतात, हे गूल्डने स्वतःच वैतागून लिहिलं आहे.

आणि सगळा भार हाडांवर टाकू नका. चिंपांझी, गोरिला यांच्यात गुणसूत्रांच्या 24 जोड्या, माणसात 23. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात, एरवी टोकाला असणारे डीएनएचे क्रम आतल्या भागात, समोरासमोर जोडलेले दिसतात. आपल्या पूर्वजातली दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एक झाल्याची ही खूण वाचायला एकही जीवाश्म लागत नाही.