अनैसर्गिक अमिनो आम्लाचं प्रथिन पेशीबाहेर बनवण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी जनुकाचा क्रम तपासा. नवं अमिनो आम्ल जिथे हवं तिथे यूएजी कोडॉन (एरवी ‘इथे थांबा’ सांगणारा तीन अक्षरांचा संकेत) बसवला असेल, तर जनुकाच्या शेवटी विराम म्हणून पुन्हा यूएजी चालणार नाही, तिथे यूएए लागतो. शुद्धीकरणाचा हिस्टिडिन टॅगही (कॉलमला चिकटणारी हिस्टिडिनची शेपटी) शेवटच्याच टोकाला हवा. यूएजीपाशी अर्धवट सुटलेल्या साखळीला मग टॅग मिळत नाही आणि कॉलममध्ये फक्त पूर्ण प्रथिन अडकतं.

प्रथिन बनवण्याची यंत्रणा ज्यातून मिळते तो फोडलेल्या पेशींचा अर्क कोणत्या ई. कोलाय जीवाणूचा, हे आजच ठरवा. साध्या वाणात आरएफ-१ हा घटक यूएजी दिसताच साखळी सोडवतो आणि नवं अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या आपल्या टीआरएनएशी स्पर्धा करतो. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या वाणात जीनोममधले सगळे ३२१ यूएजी बदलून यूएए केले होते, त्यामुळे आरएफ-१ काढूनही जीवाणू जगला. अशा वाणाचा अर्क मिळाला तर तोच घ्या. अर्क छोट्या ट्यूबमध्ये वाटून, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळलेली ट्यूब परत गोठवू नका. अर्काची प्रत्येक नवी खेप आली की मॅग्नेशियमचं प्रमाण साध्या जीएफपीवर (हिरवं चमकणारं प्रथिन) नव्यानं ठरवून घ्या. महागडं अमिनो आम्ल त्या चाचणीत घालवू नका.

मग नवं अमिनो आम्ल टीआरएनएवर चढवणारं एन्झाइम आणि तो टीआरएनए, ही जोडी. १९८९ मध्ये पीटर शुल्ट्झ यांच्या गटानं हे काम पहिल्यांदा केलं, तेव्हा टीआरएनएवर अमिनो आम्ल रासायनिक पद्धतीनं चढवावं लागे आणि एकदा वापरलेला टीआरएनए पुन्हा भरला जात नसे. आज एन्झाइम तो सतत भरत राहतो, हे मला या तंत्रातलं सर्वात मोठं सुख वाटतं. मिथॅनोकाल्डोकॉकस जॅनॅशी या सूक्ष्मजीवाची टायरोसिन जोडी वापरणार असाल तर एक अडचण आधीच माहीत हवी: तिचा टीआरएनए सी अक्षरानं सुरू होतो आणि डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या टी-७ पॉलिमरेजला सुरुवातीला जी लागतो. म्हणून स्वतःला कापून घेणारा आरएनएचा तुकडा, म्हणजे रायबोझाइम, त्याच्यापुढे जोडावा लागतो.

पॅरा-अझिडोफेनिलअ‍ॅलनिन (अझाइड गट असलेलं नवं अमिनो आम्ल) प्रकाशात टिकत नाही, बाटलीला फॉइल गुंडाळा. डीटीटी हे क्षपणकारक रसायन अझाइडचं अमाइन करून टाकतं, तेव्हा अर्काच्या बफरपासून ते शुद्धीकरणापर्यंत ते कुठे कुठे आहे हे शोधून शक्य तिथून काढा. स्टॉक विरघळवायला सोडियम हायड्रॉक्साइड वापरलं असेल तर अंतिम मिश्रणाचा पीएच मोजा. मिश्रण उथळ पसरेल इतकंच ठेवा, त्याला ऑक्सिजन लागतो.

शेवटी तुलनेच्या ट्यूब. यूएजी न बसवलेल्या साध्या जनुकाची एक, टीआरएनए न घातलेली एक, आणि नवं अमिनो आम्ल सोडून बाकी सगळं असलेली एक. ही तिसरी कधीही गाळू नका. यूएजीच्या जागी टायरोसिन किंवा ग्लुटामिन शिरलं तरी जीएफपी चमकू शकतं, आणि ते इथे पकडलं जातं. मास स्पेक्ट्रोमीटरची वेळ आजच मागून ठेवा. अपेक्षित वस्तुमान आधी काढून वहीत लिहा. अझाइडऐवजी अमाइन झालं असेल तर आकडा २६ डाल्टननं कमी दिसेल.