कोली कुत्र्याची पिल्लं घरी काढणार? आधी गोचिडाच्या इंजेक्शनचं बघा
आपल्याकडं दारात म्हैसही आणि कुत्रंही. डॉक्टर म्हशीला गोचिडाचं इंजेक्शन द्यायला आले, की "ह्यालाबी एक मारून टाका" म्हणायची कोल्हापुरी सवय कोलीपुरती मोडा. त्यात बऱ्याचदा आयव्हरमेक्टिन असतं. पुष्कळ कोलींत एमडीआर-१ जनुकाचा दोष असतो, त्यामुळं हे औषध मेंदूत साचतं. कुत्रं झोकांड्या खातं, लाळ गाळतं, जिवानिशीही जातं.

म्हणून जोड लावण्याआधी नर-मादी दोघांच्या गालातून बोळा फिरवून जनुक-चाचणी करून घ्या. दोघं निर्दोष, तर पिल्लंही निर्दोष. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही.

गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. जुलैच्या झडीत बाळंतपण येणार नाही असा हिशोब धरा. ओल्या पोत्यावर पिल्लं गारठतात. रोज ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. दुसऱ्या दिवसानंतर काटा पुढं सरकेना, तर लगेच डॉक्टर गाठा.

सहा-सात आठवड्यांची झाली की डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. कोलींत पडद्याचा जन्मजात दोष असू शकतो, आणि पुढं काहींचा तो झाकला जातो. आठ आठवड्यांआधी पिल्लू द्यायचं नाही, पाहुण्यांनी कितीही गळ घातली तरी. देताना चाचणीची झेरॉक्स सोबत द्या, आणि म्हशीच्या इंजेक्शनचं तेवढं बजावून सांगा.