आयटी सपोर्टचे प्रशिक्षण निवडताना शुल्क भरण्याआधी या चुका टाळा

बारावी किंवा पदविका झाल्यावर डेस्कटॉप सपोर्ट (कार्यालयातील संगणकांची दुरुस्ती-देखभाल) अथवा सर्व्हिस डेस्कच्या (वापरकर्त्यांच्या तक्रारी घेऊन सोडवण्याच्या) नोकरीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे क्लासवाले बहुधा एकच मोठा अभ्यासक्रम ठेवतात, ज्यात हार्डवेअर, नेटवर्किंग, सर्व्हर, क्लाउड आणि सायबर सुरक्षा हे सारे काही महिन्यांत शिकवण्याचे आश्वासन असते. घरच्यांनी साठवलेले पैसे अशा ठिकाणी अडकू नयेत, यासाठी पावती घेण्याआधी पुढील बाबी तपासाव्यात.

क्लासचा कागद म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. सीसीएनए हे सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र आहे. ‘सीसीएनए अभ्यासक्रम पूर्ण केला’ असे क्लासने लिहून दिले, तरी त्याने कोणी सीसीएनए होत नाही. त्यासाठी सिस्कोची २००-३०१ ही १२० मिनिटांची परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत द्यावी लागते आणि तिचे सुमारे ३०० डॉलरचे शुल्क क्लासच्या शुल्काहून वेगळे असते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राची खातरजमा कंपनीला ऑनलाइन करता येते. क्लासच्या कागदाला तशी सोय नसते. म्हणून प्रमाणपत्र कोण देणार, परीक्षेचे शुल्क धरले आहे का आणि नापास झाल्यास पुढच्या प्रयत्नाचा खर्च कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असेल, तर तिचा नेमका अर्थही त्याच कागदावर लिहून घ्यावा. एमएस-सीआयटीबद्दलही अनेकांची गल्लत होते. शासकीय भरतीत त्याला महत्त्व आहे, परंतु तो संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम असून आयटी सपोर्टचे प्रशिक्षण नव्हे.

बंद झालेल्या परीक्षांची तयारी

मायक्रोसॉफ्टने एमसीएसए आणि एमसीएसई ही सर्व्हर व्यवस्थापनासारख्या विषयांची प्रमाणपत्रे ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केली. तरीही एखाद्या माहितीपत्रकात ती नावे दिसली, तर तो अभ्यासक्रम कित्येक वर्षांत कोणी उघडून पाहिलेला नाही, असे खुशाल समजावे. कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लस या आयटी सपोर्टच्या प्राथमिक प्रमाणपत्राच्या २२०-११०१ आणि २२०-११०२ या परीक्षांची जागा २०२५ मध्ये २२०-१२०१ आणि २२०-१२०२ यांनी घेतली आहे. परीक्षेचा क्रमांक विचारावा आणि तो प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहावा. या कामाला दहा मिनिटे पुरतात. मुदतीचाही विचार आधीच करावा. सीसीएनए आणि ए प्लस तीन वर्षे वैध राहतात, तर मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट पातळीवरील प्रमाणपत्रांचे दरवर्षी विनाशुल्क ऑनलाइन नूतनीकरण करावे लागते.

नोकरी न पाहता प्रमाणपत्र निवडणे

ज्या शहरात काम करायचे आहे, तिथल्या डेस्कटॉप सपोर्टच्या वीस-पंचवीस जाहिराती वाचून कोणती कौशल्ये वारंवार मागितली जातात, याची यादी करावी. माझे मत असे आहे की पुण्या-मुंबईत नवशिक्याने एकाच मोठ्या परीक्षेवर खर्च करायचा असेल, तर ए प्लसच्या दोन परीक्षांपेक्षा सीसीएनए अधिक उपयोगी पडते, कारण नेटवर्कची समज पुढे सर्व्हर आणि क्लाउडलाही आधार देते. ज्याला विंडोज संगणकांच्या व्यवस्थापनात राहायचे आहे, त्याने मायक्रोसॉफ्टच्या एमडी-१०२ या परीक्षेकडे पाहावे. आयटी सेवांच्या व्यवस्थापनाची पद्धत शिकवणारे आयटिल ४ फाउंडेशन हे प्रमाणपत्र सर्व्हिस डेस्कवर कामाचे आहे खरे, पण नोकरी लागल्यावर कंपनीच्या खर्चाने ते करता आले तर उत्तम. आयटीआयमधील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान प्रणाली देखभालीचा दोन वर्षांचा ट्रेडही विचारात घ्यावा. खासगी क्लासच्या तुलनेत सरकारी आयटीआयचे शुल्क फारच कमी असते आणि पुढे शिकाऊ उमेदवारीचा मार्ग खुला होतो.

प्रमाणपत्र आहे, पण मुलाखतीत अडते

याचे कारण बहुतेक वेळा सरावाचा अभाव किंवा ‘डम्प’ (फुटलेल्या प्रश्नांचा संच) पाठ करून दिलेली परीक्षा हे असते. असे प्रश्न वापरणे हा परीक्षेच्या कराराचा भंग असून त्यामुळे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. शिवाय ‘इंटरनेट चालत नाही’ ही साधी तक्रार मुलाखतीत समोर आली, की पाठांतर उपयोगी पडत नाही. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर डीएचसीपीकडून, म्हणजे संगणकांना आपोआप आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळख क्रमांक) देणाऱ्या सेवेकडून, पत्ता आलेला नाही. आयपी पत्त्याला पिंग (जोडणी तपासणारा संदेश) लागतो पण संकेतस्थळाच्या नावाला लागत नाही, तर संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेवर, घ्यावा, ही विचारसरणी हातांनी काम केल्यावरच येते.

त्यासाठी मोठा खर्च नाही. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य आहे, विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस वापरता येते आणि नेटवर्कचा आभासी सराव देणारा सिस्कोचा पॅकेट ट्रेसर त्याच कंपनीच्या नेटवर्किंग अकादमीत नोंदणी करून विनामूल्य मिळतो. डोमेन (एका सर्व्हरवरून अनेक संगणक आणि खाती सांभाळण्याची रचना) उभे करावे, वापरकर्त्याचे खाते मुद्दाम लॉक करून सोडवावे, डीएचसीपी सेवा बंद करून काय बिघडते ते पाहावे आणि प्रत्येक बिघाडाची नोंद तक्रार, तपासणी, कारण, उपाय अशा क्रमाने ठेवावी. मुलाखतीत सांगण्यासारखे खरे अनुभव त्यातूनच हाती येतात.

शुल्क आधीच भरले असेल तर

अभ्यासक्रम जुना निघाला, तर उरलेल्या हप्त्यांपूर्वी नव्या परीक्षेनुसार शिकवण्याची किंवा शुल्कपरताव्याची मागणी ईमेलने करावी. जाहिरात, पावती आणि दिलेली आश्वासने जपून ठेवावीत. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.