डोक्याला मार लागल्यावर इच्छा मावळली तर: तपासण्या कधी आणि कोणत्या क्रमाने

उसाचा हंगाम सुरू झाला की वाळवा-कराड पट्ट्यात रात्री दिवे नसलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते. टाके निघतात, माणूस कामाला लागतो. चार महिन्यांनी कळतं की इच्छाच होत नाही, किंवा ताठरता टिकत नाही. मग पाय वळतात ते 'गुप्तरोग'च्या पाटीकडे. तिथल्या पुड्यांचा इथे उपयोग नाही, कारण बिघाड बऱ्याचदा कवटीत असतो.

पिट्युटरी ही हरभऱ्याएवढी ग्रंथी मेंदूच्या तळाशी बारीक देठाला लोंबते. धक्क्याने देठातल्या रक्तवाहिन्या दुखावल्या की वृषणांना आदेश देणारे एलएच आणि एफएसएच हे हार्मोन कमी पडतात आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घसरतं. सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी हे असू शकतं.

आधी दोन आठवडे पहाटेची ताठरता येते का, एवढंच टिपून ठेवा. येत असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा ठीक. थकवा, उदासी, गोळ्या यांकडे बघायचं. येत नसेल, दाढीही पूर्वीइतकी वाढत नसेल, तर हार्मोन तपासा.

मार लागल्यावर पहिले काही आठवडे टेस्टोस्टेरॉन बहुतेकांचं पडतं, म्हणून तेव्हाचा रिपोर्ट फसवतो. तीन ते सहा महिन्यांनी तपासा, तक्रार राहिली तर वर्षाने पुन्हा. रक्त सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी, नीट झोप झाल्यावर द्या. जत-आटपाडीहून सकाळच्या एसटीने मिरजेला पोचेपर्यंत ही वेळ टळते आणि आकडा उगाच कमी येतो. गावातल्या लॅबमध्ये नमुना द्या, नाहीतर आदल्या रात्री मुक्काम करा. टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच हार्मोन, वाढलं तर इच्छा मावळते), सकाळी ८ चं कॉर्टिसॉल (शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन), थायरॉइडच्या टीएसएच आणि फ्री टी४, सगळं एकदमच लिहून घ्या. टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर वेगळ्या एखाद्या दिवशी पुन्हा करा. दोन्ही वेळा कमी आणि एलएच वाढलेलं नाही, म्हणजे दोष वर, डोक्यात. कॉर्टिसॉल कमी असेल तर त्याचा उपचार सगळ्यात आधी. ते सोडून थायरॉइडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं.

डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवा. फिटसाठीच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनमुळे रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. उदासीसाठीच्या सर्ट्रालिन, एसिटालोप्राम वीर्यपतन लांबवतात, मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं. यातली एकही गोळी मनाने बंद करू नका; फिटची गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. बदलायची ती डॉक्टरांनी.

मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाआधीच ग्रंथीतज्ज्ञांना तसं सांगा, कारण त्या इंजेक्शनाने शुक्राणू बनणंच थांबू शकतं. मग एचसीजीच्या (वृषणांना एलएचसारखा आदेश देणाऱ्या हार्मोनच्या) इंजेक्शनांचा मार्ग असतो. त्याला महिने लागतात.

ताठरतेची गोळी सिल्डेनाफिल मेडिकलमधून परस्पर आणू नका. छातीसाठी सॉर्बिट्रेट चालू असेल तर दोन्हींनी मिळून रक्तदाब धाडकन कोसळतो.

कधी उलटंही होतं. कपाळामागच्या मेंदूला मार लागला की माणसाचा तोल सुटतो, चारचौघांत नको ते बोलतो. ही चारित्र्य बिघडल्याची खूण नव्हे; पत्नीने हे मेंदूच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

कवटीचं हाड काढून ठेवलं असेल तर संबंध कधीपासून ठेवायचे ते ऑपरेशन करणाऱ्यांनाच विचारा. आणि संबंधाच्या वेळी क्षणात असह्य डोकेदुखी उठली तर सकाळची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.