सेंटरला निघालेल्या पोरांनो, या चुका टाळा

फौजेच्या ट्रेनिंग सेंटरला उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून रंगरूट घडवले, आता रोज पहाटे शिवाजी पार्कात भरतीची पोरं पळवतो. चुका मात्र त्याच त्या.

१.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारून ६० पैकी ६० गुण घेतले की पोरं बोलावणं येईपर्यंत घरी लोळतात. सेंटरला मग पीटी, ड्रिल, रगडा (शिक्षेची कसरत), डांबरावर टाचा आपटणं, सगळं एकदम अंगावर येतं. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो. हाडं तेवढ्यात तयार होत नाहीत. नडगी दुखू लागते, आणि पोरं ते लपवतात.

माझ्या स्क्वाडमध्ये लालबागचा एक पोरगा होता. पळण्यात पहिला. नवव्या आठवड्यात बघतो तर जिना उतरताना एक पाय अलगद टेकवतोय. विचारलं, तर "काही नाही उस्ताद." ट्रंक उघडायला लावली. पॉलिशच्या डबीखाली दुखण्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी! रोज पळण्याआधी एक घ्यायचा. नडगीवर अंगठा फिरवला, रुपयाएवढ्या एका जागी दाबताच त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर. एमआय रूमला, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, गेलो तर मागून आलेल्या ज्युनियर बॅचला टाकतील, या भीतीने तीन आठवडे गप्प राहिला. शेवटी दोन महिने आराम, आणि ज्युनियर बॅच टळली नाहीच.

दुखणं नडगीभर पसरलेलं असेल आणि अंग गरम झाल्यावर उतरत असेल, तर ते बहुधा हाडाचं नसतं. एका बोटाने जागा दाखवता येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर त्याच दिवशी सिक रिपोर्ट करा, म्हणजे आजारी म्हणून नाव देऊन दवाखान्यात जा. सुरुवातीच्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे साफ आला तरी दुखत असेल तर परत जाऊन सांगा. गोळी खाऊन पळणाऱ्याला मी शूर म्हणत नाही.

निघण्याआधीचे आठवडे पळणं सोडू नका. मरीन ड्राइव्हच्या फरशीपेक्षा पार्कातली माती बरी. दर आठवड्याला थोडंच वाढवा. महिन्याभरात सगळं हवं असणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी हे ऐकवतो.

बूट घट्ट घेऊन "सैल होतील" म्हणू नका. मी आत पातळ सुती मोजा, वर लोकरी घालायचो, टाचेला कोरडा साबण चोळायचो. फोड आला तर कातडं सोलू नका.

उस्तादासमोर "तेरेको-मेरेको"वाली बंबईया हिंदी बंद. मुंबईची पोरं इथेच शिक्षेचे पुशअप मोजतात.

किट लेआउट, म्हणजे तपासणीसाठी सामान मांडणं, आपलं झालं की शेजाऱ्याचं बघा, रगडा सगळ्या स्क्वाडला बसतो.

तहान लागायची वाट न बघता पाणी प्या.

आणि पायाची नखं सरळ कापा. कोपरे गोल काढले की बुटात नख मांसात शिरतं.