पेरिओला येताय? आधी प्रोब हातात घ्या

एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, प्रवेशाचे दिवस आले की ओळखीच्या इंटर्न मुलामुलींचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पेरिओ घेतलं तर इम्प्लांट करायला मिळतात ना?" पेरिओ म्हणजे पेरिओडोन्टिक्स, हिरड्या आणि दाताला धरणाऱ्या हाडाची शाखा. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे कृत्रिम दात, तिथे करायला मिळतात. पण तीन वर्षांतला बराचसा वेळ दुसऱ्याच कामात जातो आणि पुढची प्रॅक्टिसही त्याच कामावर उभी राहते. ते काम काय असतं हे शाखा निवडण्याआधी कळायला हवं, म्हणून हे लिहायला बसले.

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजातून एमडीएस केलं. तीन वर्षं रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची. आता ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे इथल्या काही दवाखान्यांत हिरड्यांची कन्सल्टंट म्हणून जाते. स्वतःचा दवाखाना अजून नाही, हत्यारं बॅगेत घेऊन फिरते.

पहिल्या वर्षाची एक केस मी कधीच विसरणार नाही. तुर्भ्याच्या बाजारात माथाडीचं काम करणारे एक काका आले होते. वय पन्नाशीच्या आसपास, दिवसाला दीड-दोन बंडल बिडी. खालची दाढ हलत होती. म्हणाले, "डॉक्टर, एवढी काढून टाका, जेवताना त्रास होतो." हिरड्या दिसायला घट्ट, फिकट, रक्ताचा मागमूस नाही. मी प्रोब, म्हणजे हिरडी आणि दातामधली खोली मोजायची खुणांची बारीक सळई, घातला, चार्टवर जवळजवळ सगळीकडे ३ आणि ४ मिलिमीटर लिहिलं आणि मॅडमना बोलावलं. त्यांनी माझ्या हातातला प्रोब घेतला, दोन दाढांच्या मधल्या फटीत किंचित तिरका केला आणि तो ७ मिलिमीटरपर्यंत आत गेला. मी तो सरळ उभा धरून कडेकडेने फिरवत होते. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात, त्याच्या बरोबर खाली रोग सर्वांत आधी खोल जातो. प्रोब तिरका केल्याशिवाय तो तिथे पोचतच नाही. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे वरून सगळं ठीक वाटतं. माझ्या चार्टवर विसंबून कोणी उपचार केले असते तर काकांच्या आणखी चार-पाच दाढा पुढच्या काही वर्षांत हातच्या गेल्या असत्या.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर प्रोब टेकवून सराव केला. दाब २० ते २५ ग्रॅम हवा. त्याहून जास्त दिला तर पेशंटला दुखतं आणि आकडाही खोटा येतो. आठवडाभरात बोटांना तो दाब आपोआप कळू लागला. तुम्हीही हे करून बघा, खर्च काही नाही. एका दाताचे सहा आकडे, तोंडात २८ दात धरले तर १६८. प्रत्येक पेशंटचे हे १६८ आकडे कंटाळा न करता, खरे लिहायची तयारी असेल तर ही शाखा तुमची आहे.

त्यानंतरचं काम म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग. किटण काढणं आणि हिरडीखालचं मूळ स्वच्छ करणं. इंटर्नशिपमध्ये सगळेच स्केलिंग करतात, म्हणून ते हलकं काम वाटतं. पण हिरडीखाली डोळ्यांना काही दिसत नाही, तिथे क्युरेटच (किटण खरवडायचं बारीक हत्यार) बघतो. किटणावरून जाताना तो खरखरतो, स्वच्छ मुळावर काचेवरून सरकल्यासारखा जातो. हा फरक बोटांत यायला मला सहा महिने लागले. ग्रेसी क्युरेटचे नंबर पाठ करायचे म्हणून करू नका. ११-१२ दाढेच्या पुढच्या बाजूला आणि १३-१४ मागच्या बाजूलाच का बसतो, हे प्लास्टिकच्या दातावर स्वतः लावून बघा. आणि धार लावायला शिका. बोथट क्युरेट किटण काढत नाही, वरून घासून गुळगुळीत करतो.

"साफ केल्यावर दात सैल होतात" हे तुम्हाला ठाण्यात, नवी मुंबईत, गावाकडे सगळीकडे ऐकायला मिळेल. पेशंटला अडाणी समजू नका, त्याने जे पाहिलं तेच तो सांगतो. फटीत बसलेलं किटण निघालं की फट दिसते, सूज उतरली की हिरडी खाली बसते आणि मूळ उघडं पडून झिणझिण्या येतात. हे सगळं उपचाराआधी सांगितलं तर ती माहिती ठरते, नंतर सांगितलं तर पेशंटला ती सबब वाटते.

सफाईनंतर चार ते सहा आठवडे थांबायचं आणि पुन्हा प्रोबिंग करायचं. नवीन मुलं नेमकी इथेच घाई करतात, कारण कॉलेजात फ्लॅपच्या केसेसचा कोटा भरायचा असतो. या चार-सहा आठवड्यांत बरेच पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दातामधल्या खोल फटी, आपोआप उथळ होतात. जिथे ५ मिलिमीटर किंवा जास्त खोली उरते आणि रक्तही येतं, तिथे फ्लॅपचा विचार करायचा.

फ्लॅप म्हणजे भूल देऊन हिरडी पाकळीसारखी बाजूला करायची, आतला सुजलेला मांसल भाग काढायचा, मूळ डोळ्यांनी बघून स्वच्छ करायचं आणि हिरडी परत बसवून टाके घालायचे. पहिल्यांदा फ्लॅप उघडाल तेव्हा हाडाकडे नीट बघा. काही ठिकाणी हाड सगळीकडून सारखंच खाली गेलेलं असतं, काही ठिकाणी मुळाशेजारी विहिरीसारखा खड्डा असतो. तीन बाजूंनी हाडाच्या भिंती शाबूत असलेला खड्डा चांगला भरून येतो. सपाट झिजलेलं हाड परत उंच होत नाही. "डॉक्टर, हाड परत येईल ना?" या प्रश्नाचं खरं उत्तर या फरकात आहे. सरसकट "हो" म्हणणं सोपं आहे, पण म्हणू नका.

खड्डा भरायला बोन ग्राफ्ट वापरतात. ते पेशंटच्या स्वतःच्या हाडाचं असतं, दान केलेल्या मानवी हाडावर प्रक्रिया करून बनवलेलं असतं, गाईच्या हाडापासूनचं असतं किंवा कृत्रिम असतं. मानवी हाडाचा ग्राफ्ट परळच्या टाटा मेमोरियलची टिश्यू बँक तयार करते, आपल्याकडच्या अनेक पेरिओवाल्यांच्या तो ओळखीचा आहे. वरून बऱ्याचदा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन घालतात. हिरडीच्या पेशी भराभर वाढतात, हाड आणि दाताला धरणारे तंतू सावकाश. मध्ये आडोसा नसेल तर हिरडीच खड्ड्यात उतरते आणि हाडाला जागा उरत नाही.

याच ग्राफ्टवरून एकदा माझी मोठी चूक होता होता राहिली. नौपाड्यातल्या एका दवाखान्यात एक आजी होत्या, कांदा-लसूणही न खाणाऱ्या. मी बाटली उघडायच्या बेतात होते. चेहऱ्यावर हिरवं कापड, डोळे आणि तोंड तेवढं उघडं, आणि त्या चाचरत म्हणाल्या, "बाळा, हे कशापासून बनवतात गं?" ती बाटली गाईच्या हाडाच्या ग्राफ्टची होती. मी हात थांबवला, खरं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. बॅगेत कृत्रिम ग्राफ्ट होता, तो वापरला. पण हा प्रश्न त्यांना खुर्चीवर, भूल दिलेल्या तोंडाने विचारावा लागला याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून संमतीपत्र मराठीत असतं आणि ग्राफ्ट, पडदा, टाक्याचा धागा कशाचा आहे हे मी आदल्या भेटीतच सांगते. कोलॅजनचे बरेच पडदेही गाईपासून किंवा डुकरापासून बनतात, हे लक्षात ठेवा.

बाहेर प्रॅक्टिसमध्ये मला सगळ्यात जास्त फोन येतात ते क्राउन लेंग्थनिंगसाठी, म्हणजे दाताचा हिरडीवरचा भाग वाढवण्यासाठी. दात हिरडीपर्यंत तुटलेला असतो, कॅप बसवायला वर पुरेसा दात नसतो. जनरल डेंटिस्ट म्हणतात, "लेझरने जरा हिरडी काप, पाच मिनिटांचं काम." आधी हाड कुठे आहे ते बघा. हाडाच्या काठापासून कॅपच्या काठापर्यंत साधारण ३ मिलिमीटर जागा हवी. हाड वरपर्यंत असेल आणि तुम्ही नुसती हिरडी कापलीत तर ती काही आठवड्यांत परत वर येते. कॅप त्याआधी बसवली असेल तर तिच्याभोवती हिरडी कायम लाल राहते. अशा वेळी हिरडी उघडून थोडं हाड कमी करावंच लागतं, आणि हे डेंटिस्टला समजावून सांगणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

हिरडी उतरून मूळ उघडं पडलं असेल तर टाळूतून मांसल भागाचा पातळ तुकडा, म्हणजे ग्राफ्ट, घेऊन तिथे लावतात. निकाल पाहिल्यावर मन प्रसन्न होतं, पण टाळूचा आदर ठेवा. मागच्या बाजूने मोठी रक्तवाहिनी पुढे येते. टाळू उथळ असेल तर ती दातांपासून फार लांब नसते. म्हणून ग्राफ्ट सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या पट्ट्यातून, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा घ्यायचा. टाळूवर बसवायची पट्टी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच बनवून ठेवा. पेशंटला ग्राफ्ट लावलेल्या जागेपेक्षा टाळूच जास्त दुखते. आणि त्याला स्पष्ट बजावा की आरशात बघायला ओठ ओढायचा नाही. दोन दातांमधलं हाड गेलेलं असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाणार नाही, हेही आधीच सांगा.

बाकीचं थोडक्यात. फिट्सच्या फेनिटॉइन गोळीने किंवा रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने हिरड्या वाढतात, तेव्हा जिंजिवेक्टमी, म्हणजे वाढलेली हिरडी कापणं, करतात. औषध बदलता येईल का ते पेशंटच्या फिजिशियनला विचारा, स्वतः बंद करू नका. ओठाला हिरडीशी जोडणारी पट्टी खाली आलेली असेल तर ती कापायची, ती फ्रेनेक्टमी, तिला वेळ लागत नाही. लग्न ठरलं की काळ्या हिरड्या गुलाबी करायला मुली येतात. काळी हिरडी निरोगीच असते आणि रंग हळूहळू परत येऊ शकतो. मी स्वतःहून कधीच हा उपचार सुचवत नाही.

आता इम्प्लांट. दात काढल्यावर हाड आक्रसतं, पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त, आणि गालाकडची बाजू आधी. म्हणून दात काढतानाच खड्ड्यात ग्राफ्ट भरून ठेवतात, त्याला सॉकेट प्रिझर्व्हेशन म्हणतात. वरच्या दाढांच्या जागी सायनस, म्हणजे हाडातली हवेची पोकळी, खाली उतरलेला असेल तर त्याचा तळ वर उचलणारी सायनस लिफ्ट लागते. खालच्या जबड्यात नसेपासून किमान २ मिलिमीटर अंतर ठेवायचं. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, स्वतः बसून मोजा, सेंटरच्या रिपोर्टवर थांबू नका. पायरियाने दात गेलेल्या माणसाच्या तोंडात बाकीच्या दातांभोवती तोच रोग शिल्लक असेल तर इम्प्लांटभोवतीचं हाडही तसंच जातं. इम्प्लांटची घाई झालेल्या पेशंटला मी आधी तीन महिने सफाईवर ठेवते. काही जण दुसरीकडे जातात. जाऊ देते.

प्रॅक्टिसबद्दल एवढंच सांगते. पहिली दोन वर्षं कामं तुरळक येतात. बॅगेत स्वतःचे क्युरेट, स्वतः ऑटोक्लेव्ह केलेले पाऊच, ५-० जाडीचे टाक्यांचे धागे आणि ग्लुकोमीटर ठेवा. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर वाढवतात, म्हणून एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, बघितल्याशिवाय मी नियोजित शस्त्रक्रिया करत नाही. हाडं ठिसूळ झाल्याची इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू आहेत का, हे मुद्दाम विचारा. काही औषधांनी जबड्याचं हाड भरून येत नाही, आणि पेशंट हे आपणहून सांगत नाहीत. अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करायला सांगू नका. मानधन केसआधी बोलून घ्या. आणि टाके काढायला स्वतः जा, कितीही लांब असलं तरी. जखम कशी भरली हे बघितलं नाही तर पुढची चीर कुठे द्यायची ते कळत नाही.

ते माथाडी काका तीन महिन्यांनी एकदा, असे माझं एमडीएस संपेपर्यंत येत राहिले. ती दाढ वाचली नाही, दुसऱ्या वर्षी काढावी लागली. शेजारच्या दोन्ही राहिल्या. बिडी निम्म्यावर आली, पूर्ण सुटली नाही. त्यांचा चार्ट मी दर वेळी पहिल्यापासून, १६८ आकड्यांच्या हिशेबाने भरायचे, प्रोब तिरका करून.

शस्त्रक्रिया झाली की त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास पेशंटला फोन करा. रक्त येतंय का, बर्फ लावला का, गोळी जेवून घेतली का, आणि त्या बाजूने ब्रश न करता क्लोरहेक्सिडिनने गुळणी कधी सुरू करायची. एवढंच विचारायचं आणि सांगायचं. दोन मिनिटांचा फोन असतो. पेशंट रात्री झोपतो, आणि काही बिघडत असेल तर तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी नाही, त्याच रात्री कळतं.